काकडा सरल्यावर

सत्यभामा पहाटे उठली की पहिलं काम नवऱ्याच्या चपलांचं. त्या दोन्ही डोमाजीच्या बाजेखाली, बोटं पुढं करून, शेजारी शेजारी ठेवायच्या आणि मगच चुलीकडे वळायचं. डोमाजी उठून पाय खाली सोडायचा तो बरोबर चपलेत जायचा. मग तो मोठ्या तोऱ्यात म्हणायचा, "पाह्य, मले कुठं काय दिसत नाई?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ दिवसरात्र झाकून धरणाऱ्याचा हात किती दुखतो ते कुणी विचारत नाही. ती त्याच्या हातात चहाचा कप द्यायची, कपाचा कान त्याच्या बोटाकडे फिरवून.

धरणानं जुनी खैरी गिळली तेव्हा माणसं अलीकडे नव्या खैरीत आली, आणि कामाची शेतं राहिली पलीकडे, मांडव्याच्या अंगाला. पुलावरून फेरा घालून जायचं तर उन्हं वर येतात. कापूस तर दवातच वेचावा लागतो. दव असेपर्यंत बोंडाजवळची वाळकी पाती नरम असते; ऊन लागलं की तिचा चुरा होऊन कापसाला चिकटतो आणि मालक तोंड वाकडं करतो. म्हणून वेचणीच्या दिवसांत खैरीच्या बाया अंधारातच डोमाजीच्या नावेत बसायच्या. नाव पत्र्याची, सांध्यांना डांबर, दोन बाजूंना दोन वल्ही लोखंडी कडीत अडकवलेली. त्या कड्या अशा करकरायच्या की अर्ध्या धरणाला कळावं. "तेल सोडा ना जराक," असं सत्यभामा वर्षानुवर्षं सांगत आली होती. "वाजू दे," डोमाजी म्हणायचा. "बैल चालते त घुंगरू वाजतेच."

भादव्यात पाणी तांबडं आणि तुडुंब असायचं, तेव्हा नाव कुठूनही न्या. बुडालेल्या खैरीच्या बाभळी, चिंचा, पडक्या भिंती सगळं खोल गेलेलं. आश्विन सरता सरता पाणी निवळायचं, काठावरच्या शेवाळाची ओळ उघडी पडायची, आणि एकेक खुंट वर येऊ लागायचा. कार्तिकात तो पाण्याखाली वीतभर उरायचा. दिसायचा नाही, पण असायचा. नावाड्याचे खरे दिवस तेच. अशा दिवसांत डोमाजीच्या डोळ्यांवर पडदा आला होता.

सत्यभामेला ते दसऱ्याला कळलं. विहारातून दोघं परत आले. अंगणात कापसाचं अर्धं भरलेलं बोंदरं, पोत्यासारखं, भिंतीला टेकून उभं होतं. डोमाजीनं काठी उगारली आणि त्याला "हाट, हाट!" केलं. बोंदरं हलेना, तेव्हा तो म्हणाला, "कोनाची बकरी हाय थे? लय माजली." सत्यभामा आधी हसली. मग तिनं त्याला जवळून पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरावी तशी पांढुरकी झाक होती.

"दारव्ह्याले जाऊ. डोये दाखवू," ती म्हणाली.

"वेचनी सरू दे."

"अन् तोवर नाव कोन चालवन?"

"मी चालवन. वीस सालं झाले, चालवून राह्यलो, रस्ता पाठ हाय मले."

त्याच्या हट्टामागचं कारण तिला ठाऊक होतं. जुन्या खैरीत डोमाजीचा बाप विहिरीपासून लांब उभा राहायचा, कुणीतरी वरून पाणी वाढेल याची वाट बघत. डोमाजीनं लहानपणी ते पाहिलं होतं. ती विहीर आता पाण्याखाली होती, आणि तिच्यावरून नाव नेताना मांडव्याचे शेतमालक पुंडलिकरावसुद्धा गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरायचे आणि म्हणायचे, "डोमाजी, सांभाळून घे बाबा." त्या 'बाबा'साठी तो एक दिवस उपाशी राहिला असता. डोळ्यांची गोष्ट बाहेर फुटली असती तर त्याच्या नावेत मांजरही बसलं नसतं. हे दोघांनाही कळत होतं, म्हणून दोघंही गप्प होते.

वल्हवणाऱ्याचं तोंड सोडलेल्या काठाकडे असतं आणि पाठ जायच्या दिशेला. त्यामुळे डोमाजी समोर बघत नाही याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. सत्यभामा सगळ्यांत पुढं, नावेच्या टोकाला बसायची आणि तिथून तिची बडबड सुरू व्हायची. "या बाभळीनं मांगच्या साली माहं लुगडं फाडलं, आली पाहा सवत डाव्या हाताले." की डोमाजी एक वल्हं जरा जोरात ओढायचा. "किती हळू नेता जी, थे चिंच येईल अंगावर." की तो नाव फिरवायचा.

तांड्यावरची लालीबाई वेचणीच्या टोळीत सगळ्यांत मोठी, तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "सत्यभामा, कावळा बी बैलाले इतका टोचत नाई वं. घडीभर सोड त्या मानसाले."

बाया हसायच्या. सत्यभामाही हसायची. पण तिच्या मागं ममता बसलेली असे, मांडीवर तिची वर्षाची उर्वशी, टोपरं घालून झोपलेली. तिच्याकडे सत्यभामा वळून बघत नसे.

कोजागिरी झाली आणि मांडव्याच्या मारुतीच्या देवळात काकडा सुरू झाला. महिनाभर रोज पहाटे भोंग्यावर टाळ, मृदंग आणि पुंडलिकरावांचा फाटका आवाज. डोमाजीला मोठा आधार झाला. आवाज बरोबर पाठीच्या कण्यावर घ्यायचा आणि ओढत सुटायचं. सत्यभामेची बडबडही कमी झाली. एकदा बाया उतरताना पुंडलिकरावांनी काठावरून विचारलं, "का डोमाजी, आमचा काकडा तिकडे आयकू येते का?"

"येते तं! आमी तुमच्या काकड्यावरच पार होतो," डोमाजी म्हणाला. पुंडलिकरावांना ते भक्तीचं वाटलं. ते खूष झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी मोठ्यानं गाऊ लागले.

पुनवेला काकड्याची समाप्ती झाली. पुंडलिकरावांच्या बायकोनं, लीलाबाईनं, वेचणाऱ्या साऱ्या बायांच्या हातावर काल्याची लाही-दही ठेवलं. डोमाजीला दोनदा दिलं. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. काला झाला म्हणजे उद्यापासून काकडा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण तो खाताना ते ना डोमाजीच्या ध्यानात आलं, ना सत्यभामेच्या. दुसऱ्या दिवशी आर्णीचा बाजार म्हणून वेचणीला सुट्टी होती. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी धुकं पडलं.

असं धुकं की सत्यभामेला स्वतःच्या लुगड्याचा काठ दिसेना. बाया एकमेकींचा पदर धरून नावेत चढल्या. डोमाजी तर रंगात होता. धुक्यात साऱ्यांचे डोळे सारखेच. "बसा, बसा, घाबराचं काम नाई," म्हणत त्यानं वल्ही मारली. कड्या करकरल्या आणि काठ नाहीसा झाला.

थोडं अंतर गेल्यावर लालीबाई म्हणाली, "मांडव्याचे लोक झोपले का काय आज? काईच आयकू येत नाई."

"काकडा सरला ना मावशी," ममता म्हणाली. "काला नाई का खाल्ला आपन?"

वल्ही अर्धवट थांबली. त्यांच्यावरून थेंब पडल्याचा आवाज आला. डोमाजीनं पुन्हा वल्ही मारायला सुरुवात केली, आधीपेक्षा जोरात. तो घाबरला होता, ते तिला त्या जोरावरूनच कळलं.

तिनं डोळे फाडून समोर पाहिलं. पांढऱ्यावाचून काही नव्हतं. बडबडावं तर काय बडबडावं? बराच वेळ गेला. एव्हाना मांडव्याचा काठ यायला हवा होता.

खालून खणकन आवाज झाला. नाव एका बाजूनं उचलली गेली, बाया किंचाळत एकमेकींवर पडल्या, उर्वशी दचकून रडायला लागली. कुणाचा तरी भाकरीचा डबा घरंगळला. डोमाजीनं वल्हं लावून नाव मागं रेटली, तर ती फिरली आणि पुन्हा आदळली. सत्यभामेच्या पावलांना थंड पाणी लागलं. सांधा उकलला होता.

"सत्यभामे," डोमाजी मान न वळवता हळूच म्हणाला, "खुंट कोन्या अंगाले हाय?"

लग्न झाल्यापासून त्यानं तिला कधी रस्ता विचारला नव्हता. तिला त्याची दया आली, इतकी की रडू फुटावं. आणि मागं ते पोर रडत होतं.

"वल्हे सोडा," ती मोठ्यानं म्हणाली. "सोडा म्हनते ना! बायांनो, कोनी उठू नका. यायले दिसत नाई. दसऱ्यापासून दिसत नाई. मले ठाऊक होतं."

डोमाजीनं वल्ही सोडली. ती कड्यांत लोंबत राहिली.

"मावशी," ममता पोरीला छातीशी धरून म्हणाली, "माही पोरगी रोज या नावेत असते. अन् तुमाले ठाऊक होतं?"

सत्यभामेनं तो घरंगळलेला डबा उचलला, भाकर ओटीत टाकली आणि पाणी उपसायला लागली. लालीबाईनं दुसरा डबा घेतला. नाव चिंचेच्या खुंटावर अडकून राहिली, आणि बाया आळीपाळीनं पाणी उपसत, कुडकुडत सूर्याची वाट बघत बसल्या. डोमाजी हात मांडीवर ठेवून मधोमध बसला होता. त्याला कुणी काही बोललं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ऊन तापलं तसं धुकं फाटलं. पाहतात तो मांडव्याचा काठ हाकेवर नव्हे, बोलण्यावर होता. काठावर पुंडलिकरावांची म्हैस कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून रवंथ करत यांच्याकडे बघत होती. एवढ्याशा अंतरासाठी इतका जीव टांगला होता.

पुंडलिकराव धोतर खोचून पाण्यात उतरले. सारं ऐकल्यावर ते रागावले नाहीत. "डोमाजी, आधी सांगाचं ना बाप्पा," एवढंच म्हणाले. मग त्यांनी डोमाजीचा दंड धरून त्याला उतरवलं. आजवर डोमाजी दुसऱ्यांना हात देऊन उतरवत आला होता. त्यानं दंड सोडवून घेतला नाही. सत्यभामेला ते बघवेना, ती ओटी बांधायच्या निमित्तानं पाठमोरी झाली.

"उद्यापासून पुलावरून, डोंगरसिंगच्या आटोनं येऊ द्या बायाईले," पुंडलिकराव म्हणाले. "उशीर झाला त झाला. पाती लागन कापसाले, पन जीव त वाचन."

संध्याकाळी पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. उकललेल्या सांध्यात चिंध्या कोंबल्या आणि वल्ही सत्यभामेनं घेतली. डोमाजीला जुन्या दिवसांत हिवताप यायचा तेव्हा तिनं काठाकाठानं नाव चालवलेली होती, पण भरलेली नाव आरपार कधी नाही. डोमाजी टोकाला, तिच्या रोजच्या जागेवर बसला. तो बडबडला नाही.

खैरीच्या काठावर त्यानं नाव उपडी घातली, तीन दगडांवर टिनात डांबर तापवलं आणि उकललेला सांधा बोटांनी चाचपून भरायला बसला. त्या कामाला डोळे लागत नव्हते. सत्यभामा दिवा घेऊन उभी होती. दिव्याचा उपयोग तिलाच.

"चारचौघीत बोलली," तो म्हणाला.

"मंग काय करू? बुडू देऊ?"

"घरी बोलाचं."

"घरी रोजच बोलत होती. घरी आयकत कोन होतं?"

त्यानं अंगठ्यानं डांबर दाबलं. चटका बसला असेल, पण हात काढला नाही. "उद्या मी येत नाई," तो म्हणाला.

"नका येऊ," ती म्हणाली. आणि मग तिलाच ते लागलं. घरी येऊन तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. भाकरीवरचा ठेचा कुठं आहे ते रोजच्यासारखं सांगितलं. त्यानं भाकर तेवढी खाल्ली, ठेच्याला हात लावला नाही.

पहाटे तिनं बाजेखालच्या चपलांना हात घातला आणि क्षणभर थांबली. मग नेहमीसारख्या नीट लावून ठेवल्या. डोमाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो, हे तिला कळत होतं. ती वल्ही खांद्यावर घेऊन निघाली.

आजही धुकं होतं. काठावर कुणी नसेल असं वाटलं होतं, पण लालीबाईची विडी चमकली. "डोंगरसिंगच्या आटोची वाट पाह्यत कोन बसते वं," ती म्हणाली. "तो शाळेचे पोरं सोडल्याबिगर हालत नाई." तिच्यामागं आणखी दोघीतिघी होत्या. सगळ्यांत शेवटी ममता आली, पोरीला घरी ठेवून. ती पाण्यापाशी येऊन उभी राहिली.

"तुमाले त दिसते ना मावशी?"

"या धुक्यात कोनालेच दिसत नाई," सत्यभामा म्हणाली. "पन आता मी खोटं बोलनार नाई. वाट चुकली त चुकली म्हनून सांगन."

ममतानं थोडा विचार केला आणि पाय नावेत टाकला.

सत्यभामा खैरीकडे तोंड करून बसली आणि ओढायला लागली. चार हात गेलं की खैरी नाहीशी. वल्ही तिच्या हाताच्या मापाची नव्हती. तळव्यांना कालचे फोड आलेले, ते फुटले. पाठीत कळ निघू लागली. नाव सरळ जाते आहे की स्वतःभोवती फिरते आहे, काही कळेना. पुढं चिंच कुठं, बाभूळ कुठं? तिनं वल्ही थांबवली. पाणी पत्र्याला चुबुक चुबुक लागत होतं.

"काय झालं वं?" लालीबाईनं विचारलं.

"वाट चुकली," सत्यभामा म्हणाली. बोलल्याप्रमाणे तिनं सांगून टाकलं.

तेवढ्यात कुठून तरी टण्ण झालं. मग पुन्हा. टण्ण, टण्ण, एकसारखं. रिकाम्या टिनावर दगड हाणावा तसं. आवाज खैरीकडून येत होता, पण तिला वाटलं होतं त्या बाजूनं नाही; पार डाव्या कानाकडून. म्हणजे नाव तेवढी फिरली होती. आणि त्या आवाजामागून, पाण्यावरून, ओळखीचा, चिडका, घसा ताणलेला आवाज आला, "उजवं वल्हं जास्त वढून राह्यली तू! कड्या आयकू येते मले इथंवर! डावा हात लाव, डावा!"

"डांबराचं टिन हाय थे," लालीबाई म्हणाली आणि पोट धरून हसायला लागली. "तो मानूस काठावर येऊन टिन बडवून राह्यला वं!"

सत्यभामेनं डावा हात लावला. टण्ण आवाज हळूहळू कानाकडून गालावर आला, गालावरून बरोबर नाकासमोर आला. तिथं तिनं तो धरून ठेवला. तो जरा सरकला की ती नाव सरकवायची. खरं तर इतकी साधी गोष्ट होती. वल्हवणाऱ्याचं तोंड मागंच असतं. मग आवाजही मागचाच हवा होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं ते वाहू दिलं. धुक्यात कोण बघतंय.

"आता चिंच!" पलीकडून आवाज आला, बराच लांबून. "चिंच आली असन! पान्यात पाह्य, वाकून पाह्य!"

टोकाला बसलेली ममता वाकली. "हाय हाय, मावशी, इथंच हाय! जराक उजव्या अंगाले!" खुंट नावेच्या पोटाला घासून मागं गेला. घासला तेवढाच.

मांडव्याच्या चिखलात नाव रुतली तेव्हा सत्यभामेचे हात वल्ह्यांवरून सुटेनात. लालीबाईनं एकेक बोट सोडवलं. लीलाबाई शेणाची पाटी घेऊन काठावर आली होती, ती कान देऊन उभी राहिली.

"काकडा त सरला ना सत्यभामाबाई. मंग हे काय वाजून राह्यलं तिकडे?"

"आमच्या घरचा काकडा हाय," सत्यभामा म्हणाली. "उशिरा सुरू झाला. आता थंडीभर चालन. मंग त्या बुवाले दारव्ह्याले न्याचं हाय, डोये दाखवाले."

बाया ओट्या बांधत शेताकडे निघाल्या. टिन वाजतच होतं. सत्यभामा चार पावलं गेली आणि थबकली. नाव पोचली हे त्याला कळणार कसं? कड्या थांबल्या हे त्याला ऐकू आलं असेल. पण पोचली म्हणून थांबल्या की बुडाली म्हणून, ते कसं कळावं? तो असाच बडवत राहील, हात तुटेपर्यंत.

ती पाण्याशी परत आली. तोंडाशी दोन्ही हात धरले. "अवो!" तिनं हाक मारली. पण 'अवो' हे घरातलं, चुलीपासून ओसरीपर्यंत पोचणारं. ते धुक्यातच विरलं. टिन वाजत राहिलं.

नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही मान खाली घालून. तिनं इकडंतिकडं पाहिलं. लालीबाई, ममता, लीलाबाई, सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"डोमाजीऽऽ! पोचलोऽऽ!"

टिन थांबलं. बाया तोंडाला पदर लावून उभ्या. मग धुक्यातून, पाण्यावरून सावकाश आवाज आला.

"आयकलं वं, आयकलं! साऱ्या गावानं आयकलं!"